श्रेयनामावलीबाहेरचे वादक

१९७७ साली मनमोहन देसाई यांचा 'अमर अकबर अँथनी' प्रदर्शित झाला आणि त्यातील एका गीतामुळे अँथनी गोन्साल्विस हे नाव देशातील लहान मुलाच्याही तोंडी बसले. हे नाव कल्पनेतील पात्राचे नसून एका हयात कलावंताचे आहे, तो कलावंत गोव्यातील माजोर्डे गावचा असून मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिनवादक व वाद्यवृंदरचनाकार म्हणून दीर्घकाळ राबला आहे, आणि त्या चित्रपटाच्या संगीतकार जोडीपैकी प्यारेलाल यांचा तो गुरू आहे, हे मात्र गाणे गुणगुणणाऱ्यांपैकी फारच थोड्यांस ठाऊक होते. शिष्याने गुरूला आदरांजली वाहिली. श्रोत्यांनी तिला विनोद समजून टाळ्या दिल्या.

त्याच वर्षी, मार्च महिन्यात, सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी संगीत करवून घेतले असेल, तर विरुद्ध करार नसल्यास त्या संगीताचा पहिला मालक निर्माताच होय, असा त्याचा आशय होता. ज्यांचे नाव पडद्यावर ठळकपणे झळकते त्या संगीतकारांची ही स्थिती, मग ज्यांचे नाव झळकतच नाही त्या वादकांची काय कथा? एकाच वर्षातील या दोन घटना शेजारी ठेवल्या, की आपल्या चित्रपटांतील जॅझचा इतिहास हा मुख्यतः निनावी श्रमाचा इतिहास आहे, हे ध्यानी येते. चित्रपटांतील जॅझचा गौरव करणारी एखादी चित्रपटमाला आपल्याकडे भरवावयाची, तर तिने प्रथम या निनावीपणाचा विचार केला पाहिजे. आणि ती मुंबई-पुण्यापुरती न राहता गोंदियासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी आली पाहिजे, याला केवळ सांस्कृतिक नव्हे, तर आर्थिक कारणही आहे.

जगाचा अनुभव

संग्रहालयाने चित्रपट दाखवावेत ही कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९३५ सालीच आपला चित्रपट विभाग स्थापन केला. याच संग्रहालयाने २००८ साली 'जॅझ स्कोअर' या नावाने एक मोठी चित्रपटमाला योजिली आणि जॅझ संगीतकारांनी ज्यांना संगीत दिले असे देशोदेशीचे चित्रपट प्रेक्षकांपुढे ठेवले. अशा मालेत जे पाहावयास मिळते ते केवळ मनोरंजन नसते. लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाच्या पहिल्या कथापटासाठी माइल्स डेव्हिस यांनी डिसेंबर १९५७ मध्ये पॅरिसमध्ये पडद्यावरील दृश्ये पाहत पाहत एका रात्रीत संगीत ध्वनिमुद्रित केले. ऑटो प्रेमिंजर यांच्या 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर' (१९५९) या चित्रपटाचे संगीत ड्यूक एलिंग्टन यांनी केले आणि त्यात ते स्वतः दिसलेही.

परंतु याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. बोलपटांच्या युगाची नांदी ज्या चित्रपटाने झाली त्याचे नाव 'द जॅझ सिंगर' (१९२७). नाव जॅझचे, पण नायकाच्या भूमिकेत चेहऱ्याला काळा रंग फासलेला गोरा गायक. ज्या कृष्णवर्णीय समाजाने हे संगीत जन्मास घातले त्याला त्या चित्रपटात जवळजवळ स्थान नव्हते. बेसी स्मिथ या थोर गायिकेचे चलचित्रातील एकमेव ज्ञात दर्शन १९२९ सालच्या एका लघुपटात घडते. सूर घ्यावेत, सूर निर्माण करणाऱ्याला मात्र चौकटीबाहेर ठेवावे, ही रीत मुंबईने शोधून काढलेली नाही. ती चित्रपटाच्या व्यवसायाबरोबरच जगभर पसरली.

मुंबईत जॅझ कसा आला

१९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यांच्या मागोमाग आलेल्यांपैकी पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनी तर हिंदुस्थानातच आपले उर्वरित आयुष्य घालविले; १९४५ साली कलकत्त्यात त्यांचा अंत झाला. मायदेशी वर्णद्वेषाचे चटके सोसणाऱ्या या कलावंतांकडून ज्यांनी जॅझ आत्मसात केला, ते बहुतांशी गोव्याचे ख्रिस्ती तरुण होते. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविले जात असे. गावाकडे उपजीविकेची साधने तोकडी, म्हणून हे तरुण मुंबईस येत आणि आपापल्या गावाच्या 'कुडा'त, म्हणजे सामायिक बिऱ्हाडात, पथारी टाकीत. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ते परदेशी प्रजाजनच होते.

हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतलेच. चिक चॉकलेट या नावाने ते ट्रम्पेट वाजवीत आणि लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड हे दुसरे. पुढे त्यांनी 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोकणी चित्रपट निर्माण केले. तिसरे सेबास्टियन डिसोझा. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात त्यांचा वाद्यवृंद होता. फाळणीनंतर ते मुंबईस आले आणि शंकर-जयकिशन यांच्या गीतांची वाद्यरचना त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ सांभाळली.

हे वादक हॉटेलांतून चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहात का गेले, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. १९४७ साली ब्रिटिश अधिकारी निघून गेले, संस्थाने विलीन झाली. नृत्यगृहांना आश्रय देणारे गिऱ्हाईक आटले. त्यावर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि एप्रिल १९५० पासून त्याचा पूर्ण अंमल सुरू झाला. मद्यविक्रीच्या उत्पन्नावर ज्यांचा डोलारा उभा होता ती नृत्यगृहे खचली. नेमक्या याच सुमारास चित्रपटधंद्यातील जुन्या पगारी कंपन्या मोडून स्वतंत्र निर्मात्यांचे युग आले. त्यांना कायमचा वाद्यवृंद पोसावयाचा नव्हता. गाण्यापुरते वादक हवे होते. एकीकडे बेकार झालेले कुशल कारागीर, दुसरीकडे रोजंदारीवर कौशल्य विकत घेऊ पाहणारा धंदा. हिंदी चित्रपटगीताचा सुवर्णकाळ म्हणून ज्या दोन दशकांचा गौरव होतो, त्यांच्या पायाशी श्रमाच्या बाजारातील ही गाठ आहे.

संगीतकाराची चाल, वादकाची लेखणी

या व्यवहारात नेमके कोण काय करीत असे? संगीतकार बहुधा पेटीवर चाल बांधी. त्या चालीस सुरावटींची जोड देणे, आरंभीचा व कडव्यांच्या मधला वाद्यमेळ रचणे, कोणते वाद्य कोठे उठेल हे ठरविणे आणि प्रत्येक वादकासाठी स्वरलिपी लिहून काढणे हे काम पुष्कळ वेळा 'अरेंजर' म्हणजे वाद्यवृंदरचनाकार करी. गायकासह संपूर्ण वाद्यवृंद एकाच वेळी ध्वनिमुद्रित होई. एकाची चूक झाली की सर्वांनी पुन्हा आरंभापासून वाजवावयाचे. एवढे कौशल्य, एवढी शिस्त आणि मोबदला मात्र ठरीव बैठकीचा. वादकांच्या संघटनेने दर आणि प्रतवारी ठरविली, हे खरे. पण तीच तबकडी पुढे पन्नास वर्षे विकली गेली तरी त्या विक्रीतून वादकाच्या घरी काही येत नसे.

संगीतकारांचे श्रेय हिरावून घेण्याचा येथे हेतू नाही. पुणतांब्यास जन्मलेले आणि नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे संगीताचे शिक्षण घेतलेले सी. रामचंद्र यांचेच उदाहरण पाहावे. रागसंगीताचे संस्कार पचविलेल्या या मराठी संगीतकाराने ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि बोंगो यांना हिंदी गाण्यात घरोबा करून दिला. 'शहनाई' (१९४७), 'समाधी' (१९५०), 'अलबेला' (१९५१) आणि 'आशा' (१९५७) ही त्याची साक्ष. जॅझमधील वादक ठरलेल्या चालीच्या चौकटीत आयत्या वेळी नवी वळणे घेतो. आपल्याकडील गवई बंदिशीच्या आधाराने उपज करतो. हे नाते ओळखण्यास संगीतकाराचा कान तयारीचा असावा लागतो आणि सी. रामचंद्र यांचा तो होता. परंतु कानाने ओळखलेले वाद्यांत उतरविणारे हात त्यांना मिळाले ते चिक चॉकलेटसारख्यांचे. 'अलबेला'तील एका प्रसिद्ध नृत्यगीतात चिक चॉकलेट व त्यांचे साथीदार प्रत्यक्ष पडद्यावर दिसतात. मास्टर भगवान आणि गीता बाली यांच्यावरून नजर हलवून मागच्या वादकांकडे पाहिले, तर आपल्या चित्रपटांतील जॅझ सदेह उभा असतो. सत्तर वर्षांहून अधिक काळ प्रेक्षक त्याच्याकडे पाहत आला आहे. ओळख मात्र झालेली नाही.

नाव गाळण्याची किंमत

श्रेयनामावलीत नाव नसणे हा केवळ मानापमानाचा प्रश्न आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. २०१२ साली स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि संगीतकार व गीतकार यांचा मानधनातील वाटा काही अंशी सुरक्षित झाला. सादरकर्त्या कलावंतांनाही व्यापारी उपयोगाबद्दल मानधनाचा अधिकार मिळाला. मात्र त्याच दुरुस्तीत एक परंतुक आहे. चित्रपटातील ज्या व्यक्तीचा सहभाग प्रासंगिक वा आनुषंगिक स्वरूपाचा आहे आणि व्यवसायाच्या रूढीनुसार श्रेयनामावलीसह कोठेही जिचा उल्लेख होत नाही, तिला सादरकर्ता मानले जाणार नाही. आपल्या कामाच्या विपर्यासास हरकत घेण्यापुरताच काय तो तिला अपवाद. म्हणजे आधी रूढीने नाव गाळावयाचे आणि नंतर हक्क ठरविताना नाव नसल्याचेच कारण पुढे करण्यास वाट ठेवावयाची! पन्नाशी-साठीतील वादकांना तर या सुधारणांचा लाभ मिळण्याचा प्रश्नच नव्हता. सादरकर्त्याचा हक्क आपल्या कायद्यात आला तोच १९९४ च्या दुरुस्तीने. चिक चॉकलेट १९६७ सालीच निवर्तले. अँथनी गोन्साल्विस १९६५ च्या सुमारास अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठात गेले, पुढे माजोर्ड्यास परतले आणि २०१२ साली, दुरुस्तीच्याच वर्षी, त्यांचे निधन झाले. गेलेल्यांना आता पैसा देता येणार नाही. निदान नाव तरी देता येईल. त्यासाठी नावे शोधणारे कोणी हवे. ग्रेगरी बूथ यांनी चित्रपटांसाठी वाजविणाऱ्या वादकांच्या मुलाखतींतून २००८ साली ग्रंथ सिद्ध केला, नरेश फर्नांडिस यांनी २०१२ साली मुंबईच्या जॅझयुगाचा इतिहास लिहिला, अशोक राणे यांनी गोन्साल्विस यांच्यावर माहितीपट केला. हे ज्ञान ग्रंथालयातून प्रेक्षागृहात आणणे हे संग्रहालयाचे काम होय.

गोंदियाचा वाटा

आता प्रश्न असा, की याचा गोंदियाशी संबंध काय? भातगिरण्यांचे गाव, तेंदूपानांचा जिल्हा, आमगावजवळच्या पद्मपुराशी भवभूतीचे नाव जोडणारा हा प्रदेश. येथे ताजमहाल हॉटेलातील संगीताचे कौतुक कशासाठी?

उत्तर चित्रपटाच्या वितरणव्यवस्थेत आहे. धंद्याच्या सोयीसाठी देशाचे जे विभाग पाडले गेले त्यांतील एकास आजही 'सी. पी. बेरार' म्हणतात, तो प्रांत नकाशावरून केव्हाच पुसला गेला, हिशेबाच्या वहीत मात्र उरला. अमरावती हे या विभागाच्या व्यापाराचे एक केंद्र. वितरक त्या विभागाच्या हक्कापोटी निर्मात्यास रक्कम मोजी, पुष्कळदा चित्रपट पूर्ण होण्यापूर्वीच, आणि ती चित्रपटगृहांच्या तिकीटविक्रीतून वसूल करी. गोंदिया हे हावडा-मुंबई मार्गावरील जंक्शन. जबलपूर आणि बल्लारशहाकडे येथूनच फाटे फुटतात. रिळांचे डबे रेल्वेने यावेत आणि पुढच्या गावी जावेत, अशा ठिकाणी वसलेले हे शहर. येथील हमालाने, कारकुनाने, विद्यार्थ्याने तिकिटापोटी दिलेले आणे याच वाटेने मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहापर्यंत पोचत होते आणि त्यातूनच सॅक्सोफोनवादकाची बैठक भागत होती. जॅझ गोंदियाने ऐकला, इतकेच नव्हे, तर त्याची किंमतही चुकविली. ज्याने किंमत मोजली त्याला वस्तू कोणी घडविली हे विचारण्याचा अधिकार आहे.

शिवाय हे सूर येथे परके राहिलेले नाहीत. १९५२ नंतर बाळकृष्ण केसकर यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीने चित्रपटगीतांकडे पाठ फिरविली, तेव्हा लोकांनी रेडिओ सिलोन लावला. १९५७ साली विविध भारती आली ती या पराभवानंतर. रेडिओवरून हीच गाणी बँडपथकांनी उचलली. लग्नसराईत वरातीपुढे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट वाजविणारा वादक चिक चॉकलेटचे नाव जाणत नसेल, पण त्याच्या वाद्यमेळाचे तुकडे त्याच्या बोटांत उतरलेले असतात.

या प्रदेशापाशी आणखी एक मोजमाप आहे. दिवाळीनंतर धान घरात आले की गावोगाव मंडई भरते आणि झाडीपट्टीच्या रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. रात्र रात्र चालणाऱ्या त्या नाटकांत वादक प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे बसलेले असतात. ऑर्गनवर कोण, तबल्यावर कोण, हे प्रेक्षक पाहतो, ओळखतो, दाद देतो. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीची दखल दिल्लीने घेतली. वादकाला समोर बसवून ऐकण्याची सवय ज्या प्रेक्षकाला आहे, त्याला पडद्यामागच्या वादकाची उणीव महानगरातील रसिकापेक्षा अधिक तीव्रतेने जाणवेल.

चित्रपटमाला कशी असावी

पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, पी. के. नायर यांनी ते नावारूपास आणले. त्याच्या वितरण ग्रंथालयातून चित्रपट देशभरच्या फिल्म सोसायट्यांकडे जात असत, त्यामुळे संग्रहालयाने गावी जावे ही मागणी अपूर्व नाही. मुंबईत २०१९ च्या जानेवारीत भारतीय चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालयही उघडले. या संस्थांनी जिल्ह्याच्या महाविद्यालयांशी हात मिळविला, तर पाच संध्याकाळी पुरेशा आहेत. पहिल्या दिवशी 'अलबेला', कारण त्याचा निर्माता-नायक भगवान अमरावतीत जन्मलेला आणि संगीतकार नागपूरला शिकलेला. मग ओ. पी. नय्यर यांचे संगीत असलेला 'हावडा ब्रिज' (१९५८), राहुल देव बर्मन यांचा 'तिसरी मंझिल' (१९६६), तुलनेसाठी एलिंग्टन यांचे संगीत असलेला अमेरिकन चित्रपट आणि शेवटी बार्डरॉय बारेटो यांचा 'नाचुंया कुंपासार'. लॉर्ना आणि ख्रिस पेरी यांच्या जीवनावरून सुचलेल्या या कोकणी चित्रपटास सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे आणि वादकाला नायक करण्याचे धैर्य त्यात आहे. प्रत्येक चित्रपटापूर्वी वाद्यवृंदरचनाकार व प्रमुख वादक यांची, जेवढी खात्रीने ज्ञात आहेत तेवढी, नावे मराठीत छापून प्रेक्षकांच्या हाती द्यावीत. स्थानिक बँडपथकातील वादकांना पुढच्या रांगेत बसवावे आणि चित्रपटानंतर बोलते करावे.

दोन आक्षेप संभवतात. पहिला खर्चाचा. सभागृह महाविद्यालयाचे, प्रक्षेपकही बहुतेक ठिकाणी उपलब्ध. हक्कधारकांची परवानगी आणि प्रतीचे शुल्क एवढाच काय तो बोजा आणि तो सरकारी संग्रहालयाने उचलावा, हे मुळीच अवाजवी नाही. ज्या जिल्ह्यात सिंचनाचे आणि धानाच्या भावाचे प्रश्न उभे आहेत तेथे असा खर्च चैनीचा, असे म्हणणाऱ्यांनी एवढेच पाहावे, की हा पैसा वाचला म्हणून तो धानाकडे वळत नाही. तो महानगरातील वातानुकूलित सभागृहाकडेच वळतो.

दुसरा आक्षेप असा, की ही गाणी आता प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीवर आहेत, मग सभागृह कशाला? हा आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो. पण दूरध्वनीवर येते ते गाणे चित्रपटापासून तोडलेले असते. त्याखाली गायक, गीतकार, संगीतकार आणि नट यांची नावे सहसा असतात. ट्रम्पेट कोणी वाजविला ते अपवादानेच. विपुलतेने निनावीपणा कमी झालेला नाही, उलट तो पक्का झाला आहे. आणि जे खिशात आहे ते कायम राहील याची हमी काय? आपला पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) आज कोठेही उपलब्ध नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात जुन्या नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागून अनेक रिळे नष्ट झाली. फिती जळतात हे सर्वांस दिसते. नावे मात्र ती जाणणाऱ्या माणसांबरोबर जातात आणि त्याची बातमीही होत नाही.

त्या पिढीतील वादकांपैकी आता फार थोडे उरले आहेत. ज्या मुलांनी वडिलांना व्हायोलिनची पेटी घेऊन लोकलने ध्वनिमुद्रणास जाताना पाहिले, तीही आता वृद्ध झाली आहेत. संग्रहालयांना जे विचारावयाचे ते त्यांना लवकर विचारले पाहिजे आणि मिळालेले उत्तर गोंदियापर्यंत पोचविले पाहिजे. तिकिटाचे पैसे येथून वेळेवर गेले होते. पावतीवर वादकाचे नाव लिहावयाचे तेवढे राहून गेले आहे.